गोळा, गोवरी आणि तूप

पन्नास माणसांच्या पोळ्या करायच्या म्हटलं की आधी हात मोजावे लागतात. कणीक कोण भिजवणार, लाटायला कोण बसणार, तव्यापाशी कोण उभं राहणार? माणशी तीन धरल्या तरी दीडशे पोळ्या होतात. त्यातली एकेक पोळी कुणाच्या तरी हातून लाटली जाते, तव्यावर पडते, उलटली जाते. शेवटची पंगत उठेपर्यंत स्वयंपाकघरातली बाई जेवायला बसत नाही. इंदूरच्या मराठी घरांत एवढी माणसं यायची असली की बहुतेक वेळा दाल-बाफल्यांचा बेत ठरतो आणि पोळपाट-लाटणं फडताळातच राहतं.

कृती थोडक्यात सांगता येते. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात तुपाचं मोहन, मीठ, ओवा आणि चिमूटभर हळद घालायची. हवं तर थोडं मक्याचं पीठ आणि दही. पीठ घट्ट मळायचं. मुठीत मावतील असे गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडायचे. तळाशी बसलेले गोळे शिजत आले की आपोआप वर तरंगतात. ते काढून निथळू द्यायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. पाण्याचा टप्पा गाळून कच्चे गोळे थेट निखाऱ्यात गेले तर ती बाटी. यीस्ट नको, पीठ फुगायची वाट पाहायला नको, तवा नको.

घड्याळ लावून पाहिलं तर बाफल्यांना पोळ्यांपेक्षा फार कमी वेळ लागतो असं नाही. निखारे पडायला अर्धा तास, भाजायला तीस-चाळीस मिनिटं, हा हिशोब सुटत नाही. मात्र त्या वेळात कुणी जवळ उभं राहावं लागत नाही. गोळे आपले राखेत भाजत असतात आणि माणसं दाळ शिजवतात, लसणाची चटणी वाटतात, गप्पा मारतात. दहा बाफले असोत की दोनशे, भट्टी एकच लागते आणि सगळे बाफले एकाच वेळी तयार होतात. कमी कष्टाची भाकर म्हणतात ती ही.

ही सोय घरातल्या बाईचे कष्ट वाचवावे म्हणून निघालेली नाही. ती वाटेवरच्या माणसांनी आपल्यासाठी काढली: शिपायांनी, यात्रेकरूंनी, गाडीवानांनी, गुराख्यांनी. इंदूरला ती घरात शिरली आणि सणाची झाली, याचं कारण इंदूरच्या इतिहासात आहे; पण त्याआधी या भाकरीचं वय पाहायला हवं.

निखाऱ्यात भाजलेली भाकर ही सर्वांत जुनी भाकर, असं म्हणायला आता भक्कम आधार आहे. जॉर्डनच्या ईशान्येला काळ्या वाळवंटात शुबायका नावाच्या ठिकाणी पुरातत्त्वज्ञांना एका दगडी चुलीत जळून कोळसा झालेले भाकरीचे तुकडे मिळाले. ते संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तुकडे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे माणूस शेती करू लागला त्याच्याही सुमारे ४,००० वर्षं आधीचे. शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांनी रानटी धान्य आणि पाणगवताचे कंद कुटून ती भाकर केली होती. ज्या माणसांचं स्वतःचं शेत नव्हतं, त्यांची ही भाकर.

आपल्याकडच्या ग्रंथांतही ती सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात मांडे आहेत, पोळ्या आहेत आणि निखाऱ्यावर भाजलेली अंगारपोलिकाही आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात तर कृतीच दिली आहे. कोरडं गव्हाचं पीठ पाण्यात घट्ट मळावं, वड्याच्या आकाराचे गोळे करावेत आणि धूर नसलेल्या विस्तवावर हळूहळू भाजावेत. या पदार्थाला तो अंगारकर्कटी म्हणतो आणि बलवर्धक ठरवतो. धूर नसलेला विस्तव आणि हळूहळू भाजणं या दोन अटी इंदूरचा आजचा कुठलाही आचारी जशाच्या तशा सांगेल. ज्वाळेवर बाटी टाकली तर ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

माळव्याच्या राजदरबारातही वाटेवरच्या स्वयंपाकाचा विचार झाला होता. इंदूरपासून शंभरेक किलोमीटरवर मांडू आहे. तिथला सुलतान गियासुद्दीन याने १४६९ ते १५०० या काळात राज्य केलं आणि स्वयंपाकाचा ‘निमतनामा’ हा सचित्र ग्रंथ तयार करवून घेतला. सामोसे, खिचडी, सरबतं, अत्तरं या सगळ्यांबरोबर शिकारीला निघताना काय बरोबर घ्यावं, याच्या सूचनाही त्यात आहेत. पुढे ही पोथी टिपू सुलतानाच्या ग्रंथसंग्रहात गेली आणि तिथून लंडनला पोचली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. सुलतानाचं ताट आणि शिपायाचं ताट वेगळं होतं, हे उघडच आहे. पण राजवाडा सोडून रानात उतरलं की दोघांनाही तोच विस्तव, हे त्या दरबारालाही ठाऊक होतं.

मेवाडात बाप्पा रावळच्या सैनिकांची एक गोष्ट सांगतात. सकाळी मोहिमेवर निघताना ते कणकेचे गोळे वाळूत पुरून जात आणि संध्याकाळी परतल्यावर उन्हाने भाजलेल्या बाट्या उकरून खात. गोष्ट दंतकथेच्या घरातली आहे. तरी ती सांगणाऱ्यांनी या भाकरीचं मर्म नेमकं पकडलं आहे: ती भाजत असताना माणूस दुसरीकडे असू शकतो.

मराठे माळव्यात आले ते घोड्यावरून. २९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पाडाव केला आणि माळव्याचं दार उघडलं. त्या मोहिमांतून पुढे आलेले मल्हारराव होळकर हे नीरेकाठच्या होळ गावचे. १७३४ साली त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर झाली आणि होळकरांचं बस्तान माळव्यात बसलं. पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं होळकरांचं राज्य बऱ्याच अंशी फौजेच्या तळावरूनच चाललं. अहिल्याबाईंनी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला नेली. यशवंतरावांचा कारभार तर बहुतांशी तंबूतून झाला. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर ही राजधानी झाली.

आजच्या इंदूरच्या नकाशात तो तळ अजून वाचता येतो. तोपखाना, छावणी, पागनीस पागा, हाथीपाला ही सगळी नावं फौजेच्या मुक्कामाची. फौज म्हणजे नुसते लढणारे स्वार नव्हेत. त्यांच्यामागे बुणगे असत: मोतद्दार, माहुत, उंटवाले, बाजारबुणगे, त्यांच्या बायका आणि पोरं. एवढ्या माणसांना दर मुक्कामाला ताजं काहीतरी खायला हवं आणि पहाटे पुन्हा कूच करायचं. बाजारात पीठ, दाळ, मीठ, तूप मिळालं तर चूल मांडायला फार काही लागत नसे. जनावरं बरोबरच असल्यामुळे इंधनाचाही तुटवडा पडत नसे.

जॉन माल्कम हा मंदसोरच्या तहाचा एक कर्ता. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात पेंढाऱ्यांचं वर्णन आहे. तो लिहितो की पेंढारी तंबू किंवा सामानाचं ओझं बाळगत नसत. प्रत्येक स्वाराजवळ स्वतःसाठी थोड्या रोट्या आणि घोड्यासाठी थोडं धान्य, एवढंच असे. या पेंढाऱ्यांत शिंदेशाही आणि होळकरशाही असे दोन गट होते आणि नर्मदेच्या आसपासचा सगळा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. माल्कमने त्या रोट्यांची कृती दिलेली नाही. पण दिवसाला चाळीस-पन्नास मैल दौड करणारा आणि सामान न बाळगणारा स्वार पोळपाट आणि तवा घेऊन फिरला असेल, असं मानायला जागा उरत नाही. घट्ट कणकेची, तूप घातलेली, कोरडी भाजलेली बाटी दोन दिवस सहज टिकते. खोगिराच्या पिशवीत ती मोडत नाही, चिकटत नाही.

फौजेइतकीच यात्रेकरूंची वाटही महत्त्वाची. अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा, विहिरी, घाट आणि अन्नछत्रं उभारली, हे सर्वज्ञात आहे. त्या काळच्या दानधर्माची एक जुनी रीत मात्र लक्षात घ्यायला हवी. पांथस्थाला दर वेळी शिजवलेलं अन्न मिळे असं नाही. पुष्कळदा कोरडा शिधा मिळे. कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही, याचे निर्बंध कडक होते. त्यामुळे पीठ, दाळ, मीठ, थोडं तूप पदरात घ्यायचं आणि आपली चूल आपण मांडायची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले तेही याच मुलखातून, महूच्या वाटेने. १९०७ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मधून त्या काळचा भिक्षुक वाटेत कसा जगत होता, ते बारकाव्यांनिशी समजतं.

शिधा देण्याची ती रीत संपलेली नाही. इंदूरपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या ओंकारेश्वरातून दर वर्षी हजारो माणसं नर्मदा परिक्रमेला निघतात आणि त्यात मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकानंतर तर महाराष्ट्रातल्या घराघरांत परिक्रमेची चर्चा झाली. वाटेवरच्या आश्रमांतून परिक्रमावासीयांना सदावर्त मिळतं: ओंजळभर पीठ, मूठभर दाळ, मीठ, कधी गूळ. त्याचे टिक्कड करायचे. टिक्कड म्हणजे हाताने थापलेली जाड रोटी, बाटीची सख्खी बहीण. शहरात नोकरी करून निवृत्त झालेली माणसं, ज्यांनी आयुष्यात कधी कणीक मळली नव्हती, तीही आठवडाभरात टिक्कड करू लागतात.

ही भाकर माळव्यात एवढी मुरली, त्यामागे इथल्या मातीचा आणि गव्हाचाही वाटा आहे. माळव्याची काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते. विहिरी-कालव्यांच्या आधीच्या काळात शेतकरी पावसाळ्यात वावर मोकळं ठेवत आणि ओलीवर रब्बीचा गहू घेत. एक-दोन पाण्यांवर किंवा पाण्याशिवाय येणारा हा गहू कठीण दाण्याचा. मराठीत ज्याला बन्सी म्हणतात आणि हिंदी मुलखात कठिया, तो हा. दगडी जात्यावर त्याचं पीठ मऊ न होता रवाळ पडतं. त्यात गव्हाचा चिकटपणा पुरेसा असतो, पण तो फारसा ताणला जात नाही. म्हणून या पिठाचे फुलके फार मऊ होत नाहीत. बाटी मात्र खुसखुशीत होते, अंगठ्याने दाबली की भेगा पडून उमलते आणि तूप थेट आतपर्यंत जातं. इंदूरच्या गिरणीत आजही बाफल्यांचं पीठ वेगळं दळून मिळतं. मऊ पीठ घेऊन बाफले करायला जाणाऱ्याचे गोळे चिवट होतात.

रोज मात्र हा गहू माळव्यातल्या सामान्य माणसाच्या पानात नसे. ताटात ज्वारी असे, मका असे. गहू विकायला आणि सणाला. त्यामुळे बाटी-बाफल्याला एकाच वेळी दोन रूपं मिळाली. ज्याच्याजवळ भांडी नाहीत त्याची ती गरज होती आणि ज्याच्या घरी एरवी ज्वारी शिजते त्याची ती चैन होती. मक्याचं थोडं पीठ मिसळायची पद्धत आज खुसखुशीतपणासाठी सांगितली जाते. गहू पुरवून वापरायची सवयही त्यामागे असणार.

गव्हाचा हा धागा इंदूरच्या एका थोर संस्थेपर्यंत जातो. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी बिहारमधल्या पूसा इथे भारतीय गव्हाच्या जातींवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. तिथले त्यांचे ‘पूसा’ नावाचे गहू प्रसिद्ध झाले. १९२४ साली हॉवर्ड इंदूरला आले. होळकर दरबारने जमीन दिली आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. इथे त्यांच्यापुढे प्रश्न आला शेणाचा. माळव्यातलं शेण मोठ्या प्रमाणात गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं आणि शेतं उपाशी राहत होती. शेतकऱ्याला गोवऱ्या जाळू नका असं सांगण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्याजवळ दुसरं इंधन नव्हतं. हॉवर्ड यांनी मग थोडं शेण, भरपूर पालापाचोळा आणि काडीकचरा, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यावरचं पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत ही रीत आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. बाटीच्या भट्टीत सरणारी गोवरी आणि शेतात जाणारं खत यांच्यातली ही ओढाताण इंदूरच्या एका मराठी माणसाने आपल्या शास्त्राच्या कामात सोडवायला मदत केली, ही गोष्ट शहराने अभिमानाने सांगावी अशी आहे.

पुढे १९५१ मध्ये भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं प्रादेशिक केंद्र इंदूरला आलं. कठीण दाण्याच्या ‘मालव शक्ती’, ‘पूसा तेजस’ या जाती तिथल्या. शेवयांच्या आणि पास्त्याच्या कारखान्यांना हा गहू हवा असतो.

गोवरीची आच हा विषय जवळून पाहण्यासारखा आहे. वाळलेल्या गोवऱ्या उभ्या-आडव्या रचतात आणि पेटवतात. पहिला धूर पांढरा आणि दाट असतो, डोळ्यांना झोंबतो. तो ओसरून गोवऱ्या आतून लाल झाल्या की काठीने त्या मोडून पसरतात. निखारे बाजूला सारून गोळे ठेवतात आणि राख मिसळलेला विस्तव त्यांच्यावर लोटतात. गोवरी गवताच्या तंतूंची असते, त्यामुळे ती लाकडासारखी भडकत नाही, धुमसत राहते. वरची राख उष्णता कोंडून धरते. अधूनमधून गोळे फिरवले की पुरे. भाजले गेले की ते गोणपाटात किंवा जाड फडक्यात टाकून दोघं जण दोन टोकं धरून हलवतात; राख झडते आणि तांबूस, तडकलेले बाफले बाहेर येतात. मग एकेक मुठीत दाबून तुपाच्या पातेल्यात बुडवायचा. बाफला पाण्यात आधी शिजलेला असल्यामुळे त्याच्या बाहेरच्या थरातला पिष्ट चिकट होऊन एक सालपट धरतं आणि आतला भाग मऊ राहतो. पोलंडमधल्या ज्यूंच्या बेगल या पावात हीच युक्ती आहे. बेगलचा उल्लेख क्राकोच्या १६१० सालच्या कागदांत मिळतो.

इंदूरहून दक्षिणेला निघालं की ही भाकर प्रत्येक मुक्कामाला वेगळी होत जाते. सातपुडा उतरून खानदेशात आलं की ती बट्टी होते. जळगाव-धुळ्याकडे वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी याशिवाय भंडारा होत नाही. तिथे बट्टीचे उंडे वाफवून, चिरून तुपा-तेलात तळायची पद्धत आहे. विदर्भात तिचा रोडगा होतो. छोट्या पाऱ्यांना तेल लावून त्या एकावर एक ठेवतात, त्यांच्याभोवती कणकेचं आवरण घालतात आणि गोवऱ्यांच्या आरात भाजतात. फोडला की आत पदर सुटतात. मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य दाखवून शेतात पंगत बसते. काही ठिकाणी पळसाच्या पानांत गुंडाळून भाजलेले पानगे असतात.

रोडग्याची साक्ष जुनी आहे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३-१५९९) भवानीला रोडगा वाहण्याचा नवस बोलणाऱ्या सासुरवाशिणीचं भारूड रचलं. ते आजही महाराष्ट्रभर गाइलं जातं. सासू-सासऱ्यांपासून नणंदेपर्यंत सगळ्यांचा जाच संपावा म्हणून ती बाई देवीला काय देऊ करते? पुरणपोळी नाही, मांडे नाहीत. गरिबाच्या घरी जे जमतं, ते. नाथांच्या श्रोत्यांना रोडगा म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं.

मग यीस्टचा पाव माळव्यात कसा आला? १८१८ मध्ये इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर महूची छावणी वसली. गोऱ्या पलटणींना पाव लागे आणि त्यांच्यामागे भट्ट्या आल्या. महूतला पाव इंदूरच्या मराठी घरांत शिरायला मात्र खूप काळ जावा लागला. आंबवलेल्या पिठाची, परक्याच्या हातची वस्तू घरात आणणं हा धर्माचा प्रश्न होता. १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेला, माडाच्या सुरेने फुगवलेला पाव गावोगावच्या पोदेरांनी पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी पोचवला. तिथे पाव रोजचा झाला. पण गोव्यातही पाव घरी होत नाही, पोदेराकडून येतो. भट्टी तापवायची, पीठ आंबवायचं, पहाटे उठायचं, हे एका घराचं काम नाही.

युरोप-अमेरिकेतही घरी पाव करणं जड झालं तेव्हा लोक अखेर कमी कष्टाच्या वाटेकडे वळले. नोव्हेंबर २००६ मध्ये मार्क बिटमन यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये जिम लेही या पाववाल्याची न मळता करायची कृती दिली. चिमूटभर यीस्ट, बरंचसं पाणी, बारा ते अठरा तास तसंच ठेवायचं आणि झाकणाच्या जाड, तापलेल्या भांड्यात भाजायचं. ती कृती जगभर घराघरांत पोचली. तिच्यात मळण्याचं काम वेळ करतो आणि झाकणाचं भांडं भट्टीचं काम करतं. बाफल्यात वाट पाहणंही वगळलेलं आहे, कारण फुगवण्याऐवजी मोहन आणि जाड पीठ यांच्या जोरावर तो ठिसूळ होतो. ऑस्ट्रेलियातले गुराखी राखेत जो ‘डॅम्पर’ भाजत, तो याच कुळातला.

इकडे माळव्यात १८७० च्या दशकात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा-इंदूर रेल्वे झाली आणि बैलगाडीचे मुक्काम कमी होत गेले. वाटेवर चूल मांडायची गरज सरली, पण चूल मांडायची हौस उरली. माळव्यात पावसाळी सहलीला गोठ म्हणतात. पातालपाणी, चोरल, जानापाव इथे पहिल्या पावसानंतर रविवारी गोवऱ्यांचे धूर उठतात. रामबाग, लोकमान्यनगर, पागनीस पागा इथल्या मराठी कुटुंबांतही गोठीची तयारी आदल्या रात्री होते: कोण पीठ आणणार, कोण गोवऱ्या, कोण तूप. गोठीतली भट्टी बहुधा पुरुष सांभाळतात. घरी चुलीकडे न फिरकणारा माणूस इथे बाह्या सरसावून राखेत बाफले फिरवत असतो. फौजेत आणि यात्रेत ही भाकर पुरुषांच्याच हाती होती, त्या सवयीचा हा अवशेष म्हणता येईल.

पानात काय काय येतं, तेही ठरलेलं आहे. तुरीची घट्ट दाळ, कढी, लसणाची लाल चटणी, हिरवी चटणी आणि शेवटी चुरम्याचे लाडू, म्हणजे त्याच बाट्या कुटून, तूप-साखर घालून वळलेले. एका कणकेतून भाकर आणि पक्वान्न दोन्ही निघतात. मराठी घरांत दाळीला गोडा मसाला आणि चिंच-गुळाची आमटीची चव मिळते, शेजारच्या माळवी घरात ती साधी फोडणीची असते. ताटातला मराठीपणा तेवढ्यापुरताच.

सदनिकांत राहणाऱ्यांना गोवरी परवडत नाही. धूर कुठे सोडणार? त्यावर इंदूरने आपापले उपाय काढले आहेत. गॅसवर ठेवायचा झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा तंदूर बहुतेक घरांत असतो. दोघांसाठीच करायचे तर आप्पेपात्र पुरतं: लहान बाट्या, मंद आच, झाकण, मधे एकदा उलटणं. धुराची चव हवी असेल तर पेटलेला कोळसा वाटीत ठेवून त्यावर थेंबभर तूप सोडतात आणि भांड्याला धुरी देतात. नोकरी करणाऱ्या घरांत उकळण्याचं काम आदल्या रात्री उरकतं. निथळलेले बाफले फडक्यात झाकून ठेवले की सकाळी फक्त भाजायचे उरतात, आणि कुकरमध्ये दाळीच्या शिट्ट्या होईपर्यंत तेही होतात. पुण्या-मुंबईला गेलेली इंदुरी कुटुंबं सुट्टीहून परतताना रवाळ पीठ बरोबर नेतात. ते संपलं की गिरणीवाल्याला लाडवांच्या पिठापेक्षा थोडं बारीक दळ म्हणून सांगतात, एवढ्यावर काम भागतं. उरलेले बाफले दुसऱ्या दिवशी कुस्करून मोहरी, हिरवी मिरची आणि कढीलिंबाच्या फोडणीत परततात. तोच मग सोमवारचा डबा होतो.